डेल्फिनची नोकरी

मामा सुट्टीवर आला की आम्हा भाचरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "मामा, तू किती जहाजं बुडवलीस?"

मामा नौदलात, पाणबुडीवर. विजेचं खातं. "एकही नाही," तो म्हणायचा.

"मग तिथे करतोस काय?"

"खाली जातो आणि वर येतो."

यावर आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "म्हणजे लिफ्टमनच की!" आणि सगळं घर हसायचं. मामाही हसायचा. पुढे तो निवृत्त झाला, भाचरांची लग्नं झाली, तरी लिफ्टमनचा विनोद काही निवृत्त झाला नाही. (हे वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींनी उगाच साळसूद चेहरा करू नये. तुम्ही सगळे त्यात होतात!)

काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे विशाखापट्टणमला गेलो होतो. तिथे समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' नावाची आपली जुनी पाणबुडी वाळूवर आणून ठेवलेली आहे. १९६९ साली सोव्हिएत रशियाकडून घेतलेली, २००१ साली निवृत्त झालेली, आणि २००२ पासून संग्रहालय. एका टोकाला जिना चढून आत शिरायचं, एकेक गोल भोक वाकून पार करत दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं. आत शिरल्यावर माझी बायको पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर "इथे माणसं झोपायची कुठे?" मामा काही बोलला नाही. त्या गोल भोकाच्या कडेवर हात फिरवत उभा राहिला आणि मग म्हणाला, "आम्हाला रशियात ट्रेनिंगला पाठवलं होतं ना, तेव्हा तिथल्या मास्तरानं पहिल्या दिवशी यंत्रबिंत्र काही शिकवलं नाही. 'डेल्फिन'ची गोष्ट सांगितली."

त्या संध्याकाळी मामानं ती गोष्ट थोडक्यात सांगितली. घरी आल्यावर मी तिच्या मागे लागलो. मिळेल ते वाचलं. आणि बरेच दिवस ती डोक्यातून जाईना, म्हणून आज इथे लिहून काढतोय.

'डेल्फिन' म्हणजे आपला डॉल्फिन. रशियन नौदलाची पहिली खरीखुरी लढाऊ पाणबुडी. तिच्या आधी रशियात पाणबुड्यांचे प्रयोग झालेच नव्हते असं नाही. ड्झेविएत्स्की नावाच्या एका पोलिश-रशियन इंजिनियरनं तर १८८० च्या सुमाराला पायांनी पेडल मारत चालवायच्या छोट्या पाणबुड्या काढल्या होत्या, आणि सरकारनं त्या पन्नास बनवूनही घेतल्या! पण पाण्याखाली सायकल चालवून लढाई काही होत नाही. त्या तशाच बाजूला पडल्या.

मग १९०१ उजाडता उजाडता सेंट पीटर्सबर्गमध्ये तीन माणसांची एक समिती नेमली गेली. इव्हान बूबनॉव्ह हा जहाजं आखणारा, मिखाइल बेक्लेमिशेव्ह हा नौदलातला विजेचा आणि पाणसुरुंगांचा जाणकार, आणि गोर्यूनॉव्ह हा यंत्रांचा इंजिनियर. बूबनॉव्ह तेव्हा तिशीचाही नव्हता. जहाजांचे छोटे नमुने पाण्यात ओढून तपासायचा एक मोठा हौद तिथे नौदलानं बांधला होता, त्या इमारतीत यांचं गुपचूप काम चालायचं. काही महिन्यांत आराखडा तयार. बेक्लेमिशेव्ह मधेच अमेरिकेला जाऊन तिथल्या हॉलंड नावाच्या माणसाच्या पाणबुड्या बघून आला. त्याच उन्हाळ्यात नेवा नदीकाठच्या बाल्टिक कारखान्याला बोट बांधायचा हुकूम गेला. कागदोपत्री 'पाणबुडी' हा शब्द नको म्हणून तिची नोंद झाली 'टॉर्पेडो बोट क्रमांक ११३' अशी. गंमत म्हणजे पाण्यावर असताना तिचं वजनही साधारण ११३ टनच होतं.

बोट केवढी? लांबी १९.६ मीटर, रुंदी सव्वातीन मीटरच्या थोडी पुढे. मुंबईकरांना लगेच कळेल असं सांगायचं तर लोकलचा एक डबा. लोकलचा तो डबा दोन्ही टोकांना निमुळता करा, त्यात ३०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन टाका, पाण्याखाली चालण्यासाठी विजेची मोटर टाका, तिच्यासाठी बॅटऱ्यांची रांग लावा, पेट्रोलची टाकी ठेवा, आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवा. पाण्यावर असताना पेट्रोल इंजिन, पाण्याखाली वीज. पेट्रोलची वाफ आणि विजेची ठिणगी एकाच बंद डब्यात. हे वाचताना तुमच्या पोटात जे होतंय तेच माझ्याही झालं. पण तेव्हा पाणबुडीसाठी भरवशाची डिझेल इंजिनं अजून हाताशी आली नव्हती. जे होतं त्यात भागवायचं होतं.

१९०३ साली चाचण्या झाल्या, बऱ्यापैकी यशस्वी झाल्या, आणि नौदलानं बूबनॉव्हला आणखी मोठ्या बोटी आखायला सांगितलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात फेब्रुवारी १९०४ मध्ये जपाननं पोर्ट आर्थरवर हल्ला केला आणि युद्ध पेटलं.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. १३ एप्रिल १९०४ ला पोर्ट आर्थरबाहेर 'पेट्रोपाव्लोव्स्क' ही रशियन युद्धनौका जपानी सुरुंगावर आदळून काही मिनिटांत बुडाली. ॲडमिरल मकारॉव्ह गेला. त्याच्याबरोबर वेरेश्चागिन हा चित्रकारही गेला, ज्यानं १८७०च्या दशकात हिंदुस्थानात फिरून ताजमहाल आणि बरंच काही रंगवलं होतं. लगेच दुसऱ्या एका जहाजालाही सुरुंग लागला आणि उरलेल्या रशियन जहाजांची अशी गाळण उडाली, की ती जपानी पाणबुडी समजून पाण्यात गोळे झाडत सुटली. जपानकडे तेव्हा एकही पाणबुडी नव्हती! न दिसणाऱ्या गोष्टीची भीती किती मोठी असते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आणि मग सेंट पीटर्सबर्गमध्ये घाई सुरू झाली. पाणबुड्या हव्यात, लवकर हव्यात, आणि त्यांवर चढायला शिकलेली माणसंही हवीत.

माणसं शिकवायला बोट होती एकच. ११३ चा आता १५० क्रमांक झाला होता आणि १९०४ साली तिला 'डेल्फिन' हे नावही मिळालं होतं.

(तारखांबद्दल एक सांगतो. त्या वेळचं रशियन कॅलेंडर आपल्या १३ दिवस मागे होतं. मी सगळीकडे आपल्याच तारखा देतोय.)

२९ जून १९०४. बाल्टिक कारखान्याचा धक्का. समुद्र नाही, वादळ नाही, शत्रू तर हजारो किलोमीटर लांब. नेवा नदीत, काठाला लागून, शिकाऊ खलाशांना डुबकीची सवय करून द्यायची होती. बेक्लेमिशेव्ह त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता, त्यामुळे बोट लेफ्टनंट अनातोली चेर्कासॉव्हच्या ताब्यात. आत एकूण ३७ माणसं. तीन अधिकारी आणि ३४ खलाशी. बोट चालवायला लागतात त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यातले बरेचसे नवखे.

आता पाणबुडी बुडते कशी ते बघा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. तिच्या पोटात रिकाम्या टाक्या असतात. खाली जायचं असेल तेव्हा टाक्यांत पाणी घ्यायचं. पाणी आत येतं तेव्हा टाकीतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. विहिरीत कळशी बुडवताना बुडबुडे येतात ना, तेच. पण 'डेल्फिन'मध्ये टाक्यांतली ही हवा बाहेर पाण्यात जात नव्हती, ती यायची बोटीच्या आत, माणसं बसली होती तिथे. मग आतला दाब वाढू नये म्हणून काय करायचं? वरच्या छोट्या मनोऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं. टाक्या भरत राहणार, बोट इंचाइंचानं खाली जाणार, हवा झाकणातून वर पळणार, आणि पाणी झाकणाच्या कडेला पोचायच्या आत कुणीतरी ते बंद करणार. अगदी शेवटच्या क्षणी.

काठोकाठ आलेली कळशी आठवा. तिचा काठ बोटभर वर आहे तोवर ती निवांत तरंगते. एकदा काठावरून पाणी आत आलं की संपलं.

बेक्लेमिशेव्हच्या हाताखाली हे अनेकदा नीट झालं होतं. त्या दिवशी मात्र माणसं जास्त, म्हणजे वजन जास्त, म्हणजे बोट जास्त लवकर खाली. झाकण बंद व्हायच्या आत पाणी आत आलं. 'डेल्फिन' तळाला गेली. १२ जण त्या झाकणातून निसटून वर आले, दहा खलाशी आणि दोन अधिकारी. २४ खलाशी आणि चेर्कासॉव्ह आतच राहिले.

वाचलेल्यांत दोन अधिकारी होते आणि बोटीचा ताबा असलेला तिसरा नव्हता. एवढं एक वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. त्या काही क्षणांत आत काय झालं असेल याची कल्पना मला करता येते, पण ती इथे लिहावीशी वाटत नाही. त्या पंचवीस जणांना सेंट पीटर्सबर्गच्या वासिल्येव्स्की बेटावरच्या स्मोलेन्स्कोये दफनभूमीत पुरलं. बाल्टिक कारखानाही त्याच बेटावर. जिथे बोट बांधली, तिथून फार लांब जावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, इथे ही गोष्ट संपत असेल. एवढं झाल्यावर कोण पुन्हा त्या बोटीत पाऊल ठेवेल? पण बोट वर काढली, दुरुस्त केली, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात चक्क आगगाडीवर चढवून व्लादिवोस्तोकला रवाना केली. सायबेरिया ओलांडून, मांचुरियातून, सुमारे नऊ हजार किलोमीटर. लोकलच्या डब्याएवढी पाणबुडी मालगाडीच्या खास बनवलेल्या वाघिणीवर बसून बर्फातून चालली आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. तिच्या मागेपुढे दुसऱ्याही पाणबुड्या होत्या. 'कसात्का' होती, 'सोम' होती (हा सोमवारचा सोम नव्हे, रशियन भाषेत हा एक मिशाळ मासा). डिसेंबरअखेर 'डेल्फिन' व्लादिवोस्तोकला पोचली आणि २ जानेवारी १९०५ ला पोर्ट आर्थर पडलं. म्हणजे जे वाचवायला निघाले, ते पोचता पोचताच हातचं गेलं होतं. आता राखायचं होतं ते व्लादिवोस्तोक.

फेब्रुवारीपासून या बोटी बंदराबाहेर गस्तीला जाऊ लागल्या. 'डेल्फिन'वर आता लेफ्टनंट झावोइको होता. गस्त म्हणजे काय तर गोठवणारा गारठा, भिंतींवरून ओघळणारं पाणी, आणि पेट्रोलचा वास, जो जेवणातही यायचा आणि झोपेतही. वसंत ऋतूत 'सोम'ला दोन जपानी विनाशिका दिसल्या. तिचा कप्तान प्रिन्स त्रुबेत्स्कोय हल्ल्याच्या तयारीला लागला, तेवढ्यात धुकं उतरलं आणि सावज दिसेनासं झालं. रशियन पाणबुड्या त्या युद्धात शत्रूच्या सर्वांत जवळ गेल्या त्या एवढ्याच. 'डेल्फिन'च्या वाट्याला तर तेही नाही. सुकाणूत बिघाड होऊन ती परत आली.

आणि १८ मे १९०५ ला, पुन्हा बंदरातच, साठलेल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडून तिच्यात स्फोट झाला. एक खलाशी गेला आणि बोट दुसऱ्यांदा तळाला गेली. नऊ दिवसांनी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं अख्खं आरमार बुडालं. त्या बातमीपुढे एका बोटीची आणि एका खलाशाची काय पत्रास! तिची डागडुजी होईपर्यंत युद्धच संपलं.

मग पुढची दहा-अकरा वर्षं 'डेल्फिन' व्लादिवोस्तोकलाच. खाली जायचं, वर यायचं, नवी माणसं शिकवायची. पहिलं महायुद्ध लागल्यावर १९१६ साली म्हातारीला पुन्हा रेल्वेवर चढवलं आणि पुढे पाण्याच्या वाटेनं थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर नेलं. तिथेही शत्रू दिसला नाही. १९१७ साली बंदरातच मार खाल्ला आणि त्याच वर्षी नौदलाच्या यादीतून नाव कमी झालं. देशात क्रांती चालू होती. एका जुन्या बोटीकडे बघायला कुणाला वेळ असणार?

सरकारी नोकरीत असलेल्या (किंवा होऊन गेलेल्या) वाचकांना सर्व्हिस बुक माहीत असतं. 'डेल्फिन'चं सर्व्हिस बुक उघडलं तर काय दिसतं? नोकरी साधारण चौदा वर्षं. बुडवलेली शत्रूची जहाजं, शून्य. शत्रूवर डागलेले टॉर्पेडो, शून्य. आपली मेलेली माणसं, २६. आणि सगळी बंदरात.

माझ्या आजोबांनी हे वाचलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे.

पण मामाच्या मास्तरानं पहिल्या दिवशी नेमकी हीच गोष्ट का सांगितली असेल? रशियाकडे नंतर शूर पाणबुड्यांची काय वानवा होती? आधी वाटलं, घाबरवण्यासाठी. आता तसं वाटत नाही. आज जगातली कुठलीही पाणबुडी झाकण उघडं ठेवून टाक्या भरत नाही. हवा टाक्यांच्या वरच्या झडपांतून सरळ बाहेर जाते, आणि आधी सगळी झाकणं बंद आहेत याची खात्री झाल्याशिवाय पाण्याचा थेंब आत घेत नाहीत. पेट्रोल गेलं, डिझेल आलं. मार्च १९०६ मध्ये झारनं पाणबुड्यांना नौदलात स्वतंत्र दर्जा दिला (१९ मार्च हा दिवस रशियात आजही पाणबुडी-खलाशांचा दिवस मानतात), आणि त्याच वर्षी लिबावा बंदरात पाणबुडीचं शिक्षण देणारं पथक उभं राहिलं. नेव्हाच्या काठाला ३७ माणसं जशी कोंबली होती, तसं पुन्हा होऊ नये म्हणून रीतसर शिकवणं आलं. लिबावा आज लाटव्हियात आहे. त्याच लाटव्हियातल्या रिगा बंदरात ८ डिसेंबर १९६७ ला आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' भारतीय नौदलात दाखल झाली. आपली माणसं जे शिकली, त्यात त्या पंचवीस जणांचाही धडा होता.

धडा शिकला म्हणजे धोका संपला असं मात्र नाही, हेही लिहायलाच हवं. १४ ऑगस्ट २०१३ ची पहाट मला आठवते. मध्यरात्री उलटून गेल्यावर मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'वर स्फोट झाले होते. १८ जण गेले. तीही धक्क्याला उभी होती. तीही सेंट पीटर्सबर्गलाच बांधलेली. त्याआधी २०१० साली तिच्याच बॅटरीच्या भागात आग लागून एक खलाशी गेला होता. सकाळी मी मामाकडे फोन केला तर मामीनं उचलला. म्हणाली, "टीव्हीसमोर बसलेत. बोलत नाहीयेत. तू नंतर कर." लिफ्टमनचा विनोद आमच्या घरात त्यानंतर कुणी केल्याचं मला आठवत नाही. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआपच थांबला.

पाणबुडीवरच्या माणसाचं बहुतेक आयुष्य शत्रूशी लढण्यात जातच नाही, असं मला आता दिसतं. ते जातं झाकणं, झडपा, बॅटऱ्या, वाफ, दाब यांच्याशी. ही लढाई रोज जिंकावी लागते, आणि जिंकली की दाखवायला काहीच नसतं. जहाज बुडवलं तर पदक मिळेल. पण बोट बुडू दिली नाही, याचं पदक कुठे असतं? बूबनॉव्हनं पुढे रशियाला कितीतरी पाणबुड्या आखून दिल्या, मोठमोठ्या युद्धनौका आखल्या, आणि १९१९ साली पेट्रोग्राडमध्ये टायफसनं गेला. पण त्याच्या सगळ्या कामाची पहिली ओळ म्हणजे ही शून्य जहाजं बुडवणारी बोट.

विशाखापट्टणमच्या त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. 'कुरसुरा'मधून आम्ही एकेक जण वाकून, डोकं सांभाळत मागच्या दारानं बाहेर पडत होतो. मामा सगळ्यांच्या आधी बाहेर पडला होता आणि दारापाशी उभा होता. मला वाटलं, मामीला हात द्यायला थांबलाय. मामी आली, बायको आली, पोरं आली, सगळ्यांत शेवटी मी. बाहेर लख्ख ऊन. पोरं केव्हाच वाळूत धावली होती.

"सात," मामा स्वतःशीच म्हणाला. "झाले सगळे."

मग तो जिना उतरू लागला.